निकोटिनचं माप

अमळनेरच्या बसस्थानकाजवळच्या कुठल्याही टपरीवर सकाळी घटकाभर उभं राहिलं, की या भागातलं निकोटिन कुठल्या वाटेनं माणसाच्या अंगात जातं ते दिसतं. "आप्पा, पुडी द्या," म्हणत आलेला माणूस पुडीचा कोपरा दातानं फाडतो, तळहातावर चिमूटभर तंबाखू घेतो, डबीतला चुना नखावर काढतो आणि अंगठ्यानं मळत मळत पावसापाण्याच्या चार गोष्टी बोलतो. मग हातावर थाप मारून भुकटी उडवायची, बार खालच्या ओठाआड ठेवायचा आणि कामाला लागायचं. शेजारी कोणी जोडपुडी घेतो. एका पाकिटात पानमसाला, दुसऱ्यात तंबाखू; दोन्ही एकत्र केलं की गुटखा तयार. सिगारेट मागणारे त्या मानानं थोडे. बिडीवाले बहुतेक वयस्क. घराघरांतून बायकांची मशेरी चालते, ती टपरीवर दिसत नाही एवढंच.

सरकारी आकडेही हेच सांगतात. प्रौढांच्या तंबाखूसेवनाची देशव्यापी पाहणी २०१६-१७ मध्ये झाली. त्यात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात असं आढळलं. धूर काढणारे प्रौढ फक्त ३.८ टक्के, तोंडात तंबाखू धरणारे २४.४ टक्के. देशभरात धूम्रपान करणारे १०.७ टक्के, म्हणजे महाराष्ट्र धुराच्या बाबतीत देशाच्या मागे आहे आणि चघळण्याच्या बाबतीत पुढे.

हे चित्र डोळ्यांसमोर ठेवूनच एका नव्या वस्तूकडे पाहायला हवं. काडेपेटीपेक्षा जराशी मोठी, रंगीत प्लास्टिकची, एका टोकाला तोंडात धरायची चोच आणि दुसऱ्या टोकाला मोबाइलच्या चार्जरचं भोक. कळ नाही, बटण नाही. ओढलं की आपोआप तापते आणि आंबा, टरबूज किंवा पुदिन्याच्या वासाची वाफ तोंडात येते. आतलं द्रव संपलं की सगळी वस्तू फेकून द्यायची. ही 'चार्ज करता येणारी डिस्पोजेबल व्हेप'. पुण्या-मुंबईत आणि सुरतेत ती चोरून विकली जाते. अमळनेर सुरत-भुसावळ लोहमार्गावरचं गाव. शिकायला-कमवायला बाहेर गेलेला तरुण दिवाळीला घरी येतो तेव्हा त्याच्या खिशातून ती इथंही उतरते. आणि मग प्रश्न निघतो तो प्रामाणिकच असतो. "दादा, तंबाखू सोडायला ही बरी का?"

भारतात या वस्तूवर बंदी आहे, एवढ्यावर हा प्रश्न मिटत नाही. १८ सप्टेंबर २०१९ ला केंद्रानं अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आणणं, नेणं, विकणं, वाटणं, तिची जाहिरात करणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडल्यास तीन वर्षं आणि पाच लाख. नुसता साठा केला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड. ओढणाऱ्याला मात्र कायद्यानं शिक्षा सांगितलेली नाही. त्यामुळं ज्याच्या हातात ती आधीच आली आहे त्या प्रौढ माणसाला 'बंदी आहे' हे उत्तर पुरत नाही. त्याला वस्तूची पारख करून सांगायला हवी.

पारख करताना व्हेपच्या बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य करावं. सिगारेट किंवा बिडी जाळल्यावर जो डांबरी धूर आणि कार्बन मोनॉक्साइड फुप्फुसात जातो, त्यानं माणूस मरतो. व्हेपमध्ये काही जळत नाही, द्रव तापून वाफ होते. म्हणून पक्क्या धूम्रपान करणाऱ्यानं सिगारेट पूर्ण सोडून नियमांखाली बनवलेली व्हेप धरली तर त्याचं नुकसान कमी होतं. यावर जगातल्या बहुतेक जाणकारांचं एकमत आहे. ती सोडायला मदत करते याचाही पुरावा आहे. ब्रिटनमध्ये धूम्रपान सोडवणाऱ्या सरकारी केंद्रांत ८८६ जणांवर प्रयोग झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर व्हेप मिळालेल्या गटात १८ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते, गम-पट्टीच्या गटात ९.९ टक्के.

हा आकडा विकणारे आवडीनं सांगतात. त्याच प्रयोगातल्या दोन गोष्टी ते सांगत नाहीत. त्या माणसांना दिलेलं उपकरण पुन्हा पुन्हा भरता येणारं होतं, त्यातल्या द्रवात दर मिलिलिटरला १८ मिलिग्रॅम निकोटिन होतं आणि सोबत समुपदेशक होता. फेकून द्यायच्या रंगीत नळीवर तो प्रयोग झालेलाच नाही. दुसरी गोष्ट अशी, की व्हेपच्या मदतीनं सिगारेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. गम-पट्टीवाल्यांत असे ९ टक्के होते. सिगारेट सुटली, निकोटिन सुटलं नाही. धूर काढणाऱ्याच्या दृष्टीनं तोही मोठाच फायदा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कोणाचा फायदा आणि किती, हे नीट बघावं लागतं.

आता वस्तूच हातात घेऊ. चार्जिंगचं भोक पाहिल्यावर वाटतं, ही जरा टिकाऊ, जरा शहाणी वस्तू असावी. ते भोक आलं कसं ते मात्र कळायला हवं. सुरुवातीच्या डिस्पोजेबल व्हेपमध्ये दोन मिलिलिटर द्रव असायचं आणि तेवढं संपेपर्यंत बॅटरी पुरायची. मग कंपन्यांनी द्रव दहा-बारा मिलिलिटरच्या वर नेलं. तेवढ्याला एका चार्जमध्ये बॅटरी पुरेना, म्हणून चार्जरची सोय केली. म्हणजे चार्जिंग वस्तू वाचवण्यासाठी आलेलं नाही, जास्त निकोटिन शेवटच्या थेंबापर्यंत ओढून घेता यावं म्हणून आलेलं आहे.

किती जास्त, याचा हिशोब मांडता येतो. जगभर खपलेल्या 'एल्फ बार बीसी ५०००' या चिनी उपकरणात १३ मिलिलिटर द्रव आणि दर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम निकोटिन असतं. एकूण ६५० मिलिग्रॅम. एका सिगारेटमधून माणसाच्या अंगात साधारण एक ते दीड मिलिग्रॅम निकोटिन जातं. व्हेपमधलं सगळं निकोटिन शोषलं जात नाही आणि वेष्टनावरचा झुरक्यांचा आकडा नेमका नसतो हे धरलं, तरी मुठीत मावणाऱ्या या नळीत काही शे सिगारेटींचं निकोटिन भरलेलं आहे. ब्रिटनमध्ये, जिथं सरकार स्वतः धूम्रपान करणाऱ्यांना व्हेपकडे वळवतं, तिथं कायद्यानं टाकीची मर्यादा दोन मिलिलिटर आणि निकोटिनची दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आहे. एका टाकीत जास्तीत जास्त ४० मिलिग्रॅम. ६५० म्हणजे त्याच्या सोळापट.

खरी अडचण इथं आहे. टपरीवरच्या माणसाला आपलं व्यसन मोजता येतं. तो सांगतो, दिवसाला दोन पुड्या लागतात, शेतात काम जास्त असलं की तीन. बिडीवाला बंडलात सांगतो. सिगारेटवाला नगात सांगतो; सुटी सिगारेट विकायला सप्टेंबर २०२० पासून राज्यात बंदी असली तरी टपरीवर ती मिळतेच. पुडी संपते, बिडी विझते, बार थुंकावा लागतो. प्रत्येक वेळी पुन्हा हात खिशात घालावा लागतो आणि त्या क्षणी माणूस स्वतःला थांबवू शकतो. सोडायला निघालेल्या माणसाचा पहिला आधार हाच असतो: कालच्यापेक्षा आज एक कमी. रंगीत नळीला असं मध्येच संपणं नाही. तिला विझवावं लागत नाही, थुंकावं लागत नाही, वासावरून घरच्यांना चटकन कळत नाही. रात्री उशाशी, सकाळी चहाबरोबर, बसमध्ये खिडकीशी, कामात दर पाच मिनिटांनी. काहींना छोटा पडदा असतो, त्यावर दिसतो तो बॅटरीचा आकडा आणि द्रवाचा अंदाज; दिवसभरात किती निकोटिन गेलं ते दिसत नाही. हे माप हातातून काढून घेणं हाच तिचा मोठा दोष आहे. बाकीचे दोष त्यानंतरचे.

कमी करत जायची सोयही तिच्यात नाही. पुन्हा भरता येणाऱ्या उपकरणात माणूस १८ वरून १२, १२ वरून ६ मिलिग्रॅमच्या द्रवावर येऊ शकतो. इथं आत जे भरून आलं तेच शेवटपर्यंत.

आणि आत काय भरून आलं हे सांगणार कोण? अमळनेर म्हणजे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्सचं गाव. २९ डिसेंबर १९४५ ला सुरू झालेली ती कंपनी पुढं विप्रो म्हणून जगाला माहीत झाली. बनवणाऱ्याचं नाव आणि वजन नसलेला वनस्पती तुपाचा डबा इथल्या गिऱ्हाइकानं घेतला नसता. चोरबाजारातल्या व्हेपवर नाव असतं, पण ते खरं की नकली हे तपासायला जागा नाही. बंदी असल्यामुळं तिला भारतीय मानक नाही, तपासणी नाही, आणि काही झालं तर जबाबदार धरायला कंपनी नाही. अमेरिकेतही विकल्या जाणाऱ्या बहुतेक चिनी डिस्पोजेबल उपकरणांना तिथल्या अन्न व औषध प्रशासनाची परवानगी नाही.

तपासणी झाली तेव्हा काय निघालं तेही पाहण्यासारखं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संशोधकांनी तीन लोकप्रिय नाममुद्रांची सात प्रकारची डिस्पोजेबल उपकरणं तपासली आणि २०२५ मध्ये निष्कर्ष छापले. त्यांतल्या एका उपकरणाच्या दिवसभराच्या वापरातून बाहेर पडलेलं शिसं सिगारेटच्या जवळपास २० पाकिटांपेक्षा जास्त होतं. काहींमध्ये शिसेमिश्रित कांस्याचे भाग द्रवात झिजत होते, तापणाऱ्या तारेतून निकेल येत होतं, आणि बहुतेक उपकरणांत झुरके वाढतील तसं धातूंचं प्रमाण वाढत होतं. चार्जिंगचं भोक इथं पुन्हा आठवावं. तीच तार, तेच कांस्य, हजारो झुरक्यांपर्यंत तापत राहतं ते त्या भोकामुळंच.

घाबरवण्यासाठी काहीही सांगावं असं नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपमुळं फुप्फुसं निकामी होण्याची साथ आली, २८०७ जण रुग्णालयात गेले किंवा दगावले, त्यांत ६८ मृत्यू होते. तिचा दाखला अजून दिला जातो. पण तिचं मुख्य कारण गांजाच्या अर्काच्या व्हेपमध्ये मिसळलेलं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट हे होतं. निकोटिनच्या नेहमीच्या व्हेपवर तो आरोप सरसकट टाकणं बरोबर नाही. त्या साथीनं एक मात्र दाखवलं. बनवणारा माहीत नसलेल्या नळीत कोणी काय मिसळेल याचा नेम नसतो.

मग अमळनेरच्या तंबाखूवाल्याला या वस्तूचा उपयोग काय? व्हेपचा सगळा फायदा जळणं थांबवण्यात आहे. मळलेली तंबाखू जळतच नाही. तिचं विष वेगळं आहे: तंबाखूतली नायट्रोसामाइन नावाची कर्करोगकारक द्रव्यं तासन् तास गालाला चिकटून राहतात, गुटख्यात त्यात सुपारी मिसळते, जी स्वतःच कर्करोगकारक ठरलेली आहे. सुपारीनं गालाची आतली कातडी आखडते, हळूहळू तोंड उघडेनासं होतं, भाकरीचा घास जात नाही. खानदेशातल्या कुठल्याही दंतवैद्याला विचारावं, दोन बोटं तोंडात जात नाहीत असे तरुण पेशंट त्यानं पाहिलेले असतात. अशा माणसानं तंबाखू टाकून व्हेप धरली तर त्याचा गाल कदाचित सुटेल, पण आजवर धूर न पाहिलेल्या फुप्फुसात तो रोज शंभरदा वाफ ओढू लागेल. बहुतेक वेळा तर एवढंही होत नाही. शेतात आणि दुकानात तंबाखू चालूच राहते, मित्रांत व्हेप; निकोटिन दोन्हीकडून.

तंबाखू चघळणाऱ्यांसाठी काय चालतं याचा अभ्यास झालेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं जुलै २०२४ मध्ये तंबाखू सोडवण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत धूररहित तंबाखूवाल्यांसाठी समुपदेशनाबरोबर निकोटिनची गम-पट्टी किंवा व्हॅरेनिक्लिन हे औषध सुचवलं आहे. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या २०२२ च्या यादीतही निकोटिनचे हे पर्याय आले. २ मिलिग्रॅमची गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. दोन मिलिग्रॅम म्हणजे दोन मिलिग्रॅम; वेष्टनावर छापलेलं, मोजून घेता येणारं, मोजून कमी करता येणारं.

एक आक्षेप इथं हमखास येतो आणि तो रास्त आहे. सिगारेट दुकानात उघड मिळते, बिडी मिळते, तंबाखूची पुडी मिळते, आणि त्याहून कमी घातक असू शकणारी वस्तू मात्र गुन्हा? या विसंगतीचं समर्थन करता येत नाही. पण त्यावरचा उपाय चार्जिंगच्या डिस्पोजेबल व्हेपला दार उघडणं हा नव्हे. ब्रिटननं व्हेपला दार उघडलं, आठवड्याला जवळपास ५० लाख डिस्पोजेबल व्हेप कचऱ्यात जाऊ लागल्या, आणि १ जून २०२५ पासून त्या देशानंही एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी घातली. तिथल्या नियमात नुसता चार्जर लावता येणं पुरत नाही. पुन्हा भरताही यायला हवी. म्हणजे जी वस्तू इथं 'नवी, सुधारलेली' म्हणून कोणी हातात ठेवतो, ती व्हेपला सगळ्यात अनुकूल असलेल्या देशातही आज विकता येत नाही.

कचऱ्याची गोष्ट परदेशापुरती नाही. लंडन आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी फेकलेल्या व्हेपमधल्या बॅटऱ्या काढून तपासल्या, तेव्हा ७०० वेळा चार्ज केल्यावरही त्यांची ९० टक्क्यांहून जास्त क्षमता शिल्लक होती. शेकडो वेळा चालेल अशी लिथियमची बॅटरी काही आठवड्यांत उकिरड्यावर जाते. नगरपालिकेच्या घंटागाडीत ती ओल्या-सुक्याबरोबर दाबली गेली, चेपली, तर पेट घेते. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. बेकायदा वस्तूला उत्पादक कागदावर नसतोच, त्यामुळं ती निस्तरायची कचरा वेचणाऱ्या बाईनं आणि भंगारवाल्यानं.

बंदीनं काय साधतं आणि काय साधत नाही हे महाराष्ट्राला गुटख्यानं शिकवलं आहे. जुलै २०१२ मध्ये राज्यानं गुटखा बंद केला, दरवर्षी बंदी वाढवली. तरी शिरपूर-सेंधवा रस्त्यावर गुटख्याची वाहनं पकडल्याच्या बातम्या थांबत नाहीत आणि टपरीवर जोडपुडी लटकतेच. ज्यांची सवय होती त्यांना ती सोडवण्याची सोय बंदीबरोबर आली नाही, ही त्यातली मोठी चूक. व्हेपच्या बाबतीतही तेच होत आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्रानं ऑनलाइन व्हेप विकणाऱ्या १५ संकेतस्थळांना नोटिसा दिल्या. ते योग्यच केलं. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला मनाई आहे तशी या रंगीत नळ्यांवर शाळा-कॉलेजांजवळ खास नजर हवी, कारण आंब्याचा वास चाळिशीच्या बिडीवाल्यासाठी भरलेला नसतो. अमेरिकेत २०२४ च्या पाहणीत शाळकरी मुलांपैकी १६ लाखांहून जास्त व्हेप ओढत होती. अमळनेरच्या प्रताप कॉलेजच्या रस्त्यावर ती वेळ येऊ द्यायची नसेल तर पकडापकडी लागेलच.

पण जो प्रौढ माणूस आज टपरीवर उभा आहे आणि ज्याला खरोखर सोडायचं आहे, त्याला पोलीस काही देऊ शकत नाहीत. त्याच्या हातातल्या पुडीवर सप्टेंबर २०१८ पासून १८००-११-२३५६ हा मोफत मदतीचा क्रमांक छापला जातो. सडलेल्या गालाच्या चित्राखाली तो असतो आणि चित्रासकट फाडून फेकला जातो. टपरीवाल्यानं तो मोठ्या अक्षरांत फळीवर लावला, बाजार समितीत आणि बसस्थानकावर रंगवला, तर त्याचा उपयोग होईल. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम २००७-०८ पासून चालू आहे. त्याचं समुपदेशन जिल्ह्याच्या गावाला अडकून पडू नये. मजूर बाई मशेरी सोडायला एका दिवसाची मजुरी बुडवून जळगावला जाणार नाही.

गम घ्यायचीही रीत आहे आणि ती कोणीतरी दाखवावी लागते. नुसती गोळीसारखी चावत सुटलं की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, मळमळतं, उचक्या लागतात आणि माणूस दुसऱ्या दिवशी पुडीकडे परततो. ती सावकाश चावायची, जिभेला तिखट-झणझणीत लागलं की थांबून गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायची, चव गेली की पुन्हा थोडी चावायची. असं अर्धा तास. घेण्याआधी पंधरा मिनिटं कॉफी, सरबत, थंड पेय टाळायचं, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दर दोन-चार तासांनी, शेवटचे तीन दर चार-आठ तासांनी. दिवसात २४ च्या वर नाही. गरोदर बाई, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला माणूस, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. गालात बार धरायची सवय असलेल्याला ही रीत सिगारेटवाल्यापेक्षा लवकर जमते. ती शिकवायला दहा मिनिटं पुरतात. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात दातांच्या तपासणीच्या खोलीतच, आठवडे बाजाराच्या दिवशी, फुकट गमच्या पहिल्या पाकिटासकट ती दहा मिनिटं मिळावीत, ही मागणी अमळनेरकरांनी नगरपालिकेकडे आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लावून धरायला हवी.